उजव्या हाताचा अंगठा

१२ जानेवारी, सोमवार

ही वही हाजरनं दिली. "सी लसाद, रोज सराव झाला की घरी जाऊन लिहायचं. आज हातानं काय केलं, एवढंच. मी वाचणार नाही, तुमचं तुम्हीच वाचायचं."

नऊ वर्षांपूर्वी ही पोरगी सहवैमानिक म्हणून माझ्या शेजारी बसायची आणि मी तिला झापायचो. आता ती नव्या विमानाची शिक्षिका आहे आणि गृहपाठ मला मिळतो. ‘सी’ म्हणजे साहेब, तेवढं म्हणायचं मात्र तिनं सोडलं नाही.

कंपनीची जुनी विमानं ३१ मार्चला जाणार. तोवर जो नव्या विमानावर पास होईल तो उडत राहील. बाकीच्यांना वेळेआधी निवृत्ती आणि सोबत एक घड्याळ. मी अठ्ठावन्नचा. साठीपर्यंतची दोन वर्षं मला हवी आहेत, आणि ती पगारासाठी नव्हेत. सकाळी उठून या घरात करायचं काय, हे मला खरंच ठाऊक नाही.

हातानं काय केलं: काही नाही. इंजिनांच्या जोराच्या लिव्हरवर पडून होता. गणवेशाचे नवे बूट चावले.

१५ जानेवारी

बशीरच्या कॅफेत गेलो. तो कॉफी ठेवता ठेवता म्हणाला, "कॅप्टन, आता विमान आपलं आपणच उडतं म्हणे. मग तुम्ही वर बसून काय करता?"

"तुझं कॉफीचं यंत्रही आपलं आपणच चालतं. मग तू काय करतोस?"

"मी? मी गिऱ्हाइकांचे टोमणे ऐकतो."

मग त्याला समजावून सांगितलं. जुन्या विमानात ऑटोथ्रॉटल इंजिनांचा जोर कमीजास्त करतं तेव्हा दोन्ही लिव्हर हाताखाली आपसूक पुढेमागे सरकतात. बघायची गरज नाही, तळव्याला कळतं. नव्या विमानात वर चढताना लिव्हर एका खाचेत बसवायचे, आणि उतरेपर्यंत ते तिथेच बसून राहतात. इंजिनं गरजली काय, मंदावली काय, लिव्हर ढिम्म. जोर किती ते काट्यावर बघायचं.

आणि दोन कारखान्यांची दोन पुस्तकं. जुना कारखाना म्हणायचा, विमान हातात घेतलंस तर जोरही हातात घे, ऑटोथ्रॉटल बंद कर. अर्धं काम तुझं आणि अर्धं यंत्राचं, असं ठेवू नकोस. नवा म्हणतो, विमान खुशाल हातानं उडव, पण जोर यंत्राकडेच राहू दे, तेवढं डोकं मोकळं राहील. आमच्या कंपनीनं नव्याचं म्हणणं उचललंय. फक्त हवा स्वच्छ असेल तर कॅप्टनला जोर हातात घ्यायची मुभा आहे.

बशीरनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "म्हणजे दोन सासवा."

"आणि सून एकच," मी म्हटलं. तो एवढा हसला की शेजारच्या टेबलावरचे म्हातारे पत्ते खाली ठेवून बघायला लागले. घरी आल्यावर हे बायकोला, सलूआला, सांगावंसं वाटलं. तिकडे लेकीकडे ती नातवाला भरवत असेल, म्हणून फोन केला नाही.

१९ जानेवारी, सोमवार

आज सिम्युलेटरमध्ये, म्हणजे सरावाच्या नकली कॉकपिटमध्ये, नाक कापलं गेलं.

धावपट्टी समोर, सगळं सुरेख. मी ऑटोपायलट सोडलं आणि उजव्या अंगठ्यानं, मला न विचारता, लिव्हरच्या बाजूचं लाल बटण दाबलं. वीस वर्षं तेच केलंय. ऑटोपायलट बंद, लगेच ऑटोथ्रॉटल बंद. पुस्तकच तसं होतं. आणि या विमानातही बटण अगदी त्याच जागी ठेवलंय शहाण्यांनी.

इंजिनं एकदम चढणीच्या जोरावर गेली. वेग सुसाट, धावपट्टी पोटाखालून निघून गेली. हाजरनं सिम्युलेटर थांबवला.

"बटण दाबण्याआधी इंजिनं कुठे होती?"

"अर्ध्याच्या आसपास."

"लिव्हर कुठे होता?"

"खाचेत."

"खाचेतला लिव्हर काय सांगत असतो?"

"चढ म्हणून."

"यंत्र मध्ये होतं तोवर इंजिनं त्याचं ऐकत नव्हती. तुम्ही यंत्राला घालवलंत, त्यांनी लिव्हरचं ऐकलं. त्यांचं काय चुकलं?" मग जरा मऊ आवाजात म्हणाली, "जोर हातात घ्यायचा असेल तर आधी लिव्हर मागे आणायचा, इंजिनं आत्ता जिथे आहेत तिथपर्यंत. काट्याशी भिडला की मग बटण. आधी जुळवा, मग सोडवा."

मी म्हटलं, "पोरी, मला कळलं."

"तुम्हाला कळलं हो. अंगठ्याला कळायचंय."

तिला हे सुनावताना बरं वाटत असणार. माझ्या हाताखाली असताना मी काय कमी बोललोय?

२५ जानेवारी, रविवार

सलूआचा फोन. लेकीच्या, इनेसच्या, बाळंतपणाला तीन महिन्यांसाठी मॉन्ट्रियलला गेली, त्याला आता चौदावा महिना. आधी बाळ लहान, मग इनेसची नोकरी सुरू, मग बाळाचे दात. मी विचारायचं सोडलंय. विचारलं की वाद होतो.

ती म्हणाली, "जुनी विमानं नक्की कधी जाणार?"

"मार्चअखेर. मागच्या वेळी सांगितलं होतं."

"हो, पण नक्की ना?"

एकतीस वर्षं संसार केला, विमान कुठल्या कारखान्याचं हे तिनं कधी विचारलं नाही. आता दोघांत बोलायला काही उरलं नाही म्हणून बिचारी विमानांचं विचारते.

५ फेब्रुवारी

अंगठा चार वेळा आवरला, एकदा नाही. जित्याची खोड. स्वयंपाकघराच्या ओट्यावर दोन चमचे उभे धरून सराव करतो: मागे आण, काट्याशी भिडव, मग दाब. चमच्यांच्या बाबतीत आपण उत्तम वैमानिक आहोत.

इनेसनं फोनवर विचारलं, "बाबा, बुटाचा नंबर काय तुझा?"

"त्रेचाळीस. नेहमीचा. ईदसाठी काही पाठवू नका, टपालखर्च बुटांहून जास्त होईल."

"आणि गुडघा कसा आहे? जिने चढवतात का?"

पोरगी काळजी करते. म्हटलं, विमानाला जिना असतोच, चढतो की.

१४ फेब्रुवारी, शनिवार

आज मन लागत नाही. सलूआ सांगत होती की ती इनेसच्या घराजवळ भाड्यानं जागा बघते आहे. तळमजला, दोन खोल्या, समोर छोटी बाग. जावयाच्या घरात किती दिवस राहणार, म्हणाली.

मी "बरं" म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

एकट्या बाईला दोन खोल्या. म्हणजे तिनं तिथे कायमचा मुक्काम टाकलाय. माणूस असं सोडून जातं हे मला माहीत नव्हतं. भांडण नाही, दार आपटणं नाही, दर रविवारी नेमानं फोन. मला वाटत होतं सगळं जागच्या जागी आहे. फार एकटं वाटतंय. हे लिहायची वही ही नव्हे, पण दुसरी नाही.

२१ फेब्रुवारी

रमजान लागला. उड्डाणाच्या दिवशी रोजा नाही, हा कंपनीचा नियम. आज सुट्टी म्हणून धरला. सूर्यास्ताला रोजा सोडायची तोफ झाली तेव्हा तव्यावरची ब्रीक, म्हणजे अंडं भरलेली पातळ घडी, उलटताना फाटली आणि आतलं अंडं तेलात गेलं. सलूआच्या हातून इतक्या वर्षांत एक फाटली नाही. खजूर आणि डब्यातलं सूप यांवर भागवलं. सगळ्या गल्लीतून चमचे वाजल्याचा आवाज येत होता.

सिम्युलेटरची परीक्षा कशीबशी पार पडली. आता खऱ्या विमानात, खऱ्या प्रवाशांसह, हाजर शेजारी. कागदोपत्री कॅप्टन तीच, डाव्या खुर्चीत मी.

परवा चढता चढता तिनं सहज विचारलं, "घरी कोण असतं हल्ली?"

"मांजर," मी म्हटलं. का म्हटलं देव जाणे. मांजर नाही.

"नाव काय?"

समोर ढग होता म्हणून "ढगी" म्हटलं.

३ मार्च, मंगळवार

आजचं सगळं लिहितो.

सकाळी निघताना सलूआचा निरोप आला होता: "जागा पक्की केली, सही झाली." मी फोन बंद केला आणि कामावर गेलो.

जेर्बाला उतरत होतो. हजार वेळा उतरलोय तिथे. हवा काचेसारखी. मी म्हटलं, हातानं उतरवतो. हाजर म्हणाली, "उतरवा. जोर यंत्राकडे राहू द्या." मी "हो" म्हटलं. समोर समुद्र, खजुराची झाडं, पांढरी घरं, सगळं जुनंच. सहाशे फुटांवर अंगठ्यानं बटण दाबलं.

इंजिनं उसळली. एकशे बेचाळीस माणसं मागे. मी लिव्हर मागे ओढायचा की पुढे ढकलायचा या विचारात दोन सेकंद घालवले. दोन सेकंद फार असतात. हाजर शांतपणे म्हणाली, "पुन्हा वर जाऊ या, सी लसाद," आणि मग मी लिव्हर पार पुढे ढकलले. दहा मिनिटांनी दुसऱ्या फेरीत उतरलो. मागे कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यानं संपलं नाही. पंखांच्या फ्लॅप्सना सोसतो त्याहून वेग जास्त झाला होता, म्हणजे तपासणी. विमान दोन तास अडकलं. आम्ही दोघं कॉकपिटमध्येच बसलो आणि समोर रिपोर्टचा कोरा कागद.

मी म्हटलं, "वाऱ्याचा झोका आला होता."

"आज वारा कुठे होता?"

"होता थोडा."

"लिहा मग वारा. मी खाली सही करणार नाही."

मला राग आला. म्हटलं, "हाजर, हा कागद गेला की माझा निवृत्तीचा कागद आला, कळतंय ना? तुला हेच हवंय का?"

ती काचेबाहेर बघत म्हणाली, "मोनास्तिरला मी विमान आपटलं होतं, आठवतं? तुम्ही रिपोर्टमध्ये एकच ओळ लिहिली होतीत. ‘हात लिव्हरवर होता, मन नव्हतं.’ आठवडाभर रडले मी. खोटं असतं तर दोन दिवसांत विसरले असते."

मी कागद ओढला आणि लिहिलं: जुन्या विमानाच्या सवयीनं, लिव्हर न जुळवता, ऑटोथ्रॉटल बंद केलं. हात लिव्हरवर होता, मन नव्हतं. तिनं खाली सही केली.

परतल्यावर गाडीपाशी तिनं माझ्या हातात कागदाची पुडी दिली. जेर्बाच्या बाजारातून मागवलेल्या सार्डीन मासळ्या, बर्फ घालून. "ढगीला," म्हणाली. मांजरावर जीव आहे तिचा. घरी येऊन सगळ्या भाजून मीच खाल्ल्या.

११ मार्च

निर्णय झाला. सिम्युलेटरचे दोन जादा सराव, मग खऱ्या विमानात शेवटची परीक्षा २६ तारखेला, बाहेरचा परीक्षक. नापास झालो तर घड्याळ.

रिपोर्ट खरा लिहिला म्हणून संधी मिळाली, असं मुख्य वैमानिक म्हणाला. हाजरनंही माझ्या बाजूनं दोन पानं लिहिली आहेत म्हणे. काय लिहिलं ते ती सांगत नाही.

२० मार्च, शुक्रवार. ईद

नवा सदरा घातला. बशीरकडे गेलो तर कॅफे बंद. बरोबरच आहे, त्यालाही घर आहे.

दुपारी व्हिडिओवर सगळे दिसले. नातू आता उभा राहतो. त्यानं माझ्या चेहऱ्यावर, म्हणजे फोनवर, केळं फासलं. सलूआ नव्या जागेत होती. मागे पुठ्ठ्याची खोकी, खिडकीबाहेर अजून बर्फ.

"जुनी विमानं एकतीसलाच ना?"

"हो. आणि माझी परीक्षा सव्वीसला."

"कसली परीक्षा? तुझं तर झालं म्हणाला होतास."

जेर्बाचं तिला सांगितलं नव्हतं. आता सगळं सांगितलं. तिनं मागचं एक खोकं सरळ केलं. मग म्हणाली, "पास होशील?"

"म्हणजे काय! होणारच."

"हो," ती म्हणाली. "तू नेहमी पास होतोस."

एवढा विश्वास निदान उरलाय. बरं वाटलं. तिचा आवाज बसल्यासारखा वाटला, तिकडे थंडी फार.

२६ मार्च, गुरुवार

पास.

परीक्षक मूग गिळून बसणारा होता. जेर्बाचीच फेरी निघाली. उतरताना हवा स्वच्छ होती आणि मी आपणहून म्हटलं, "जोर हातात घेतो." हाजर मागच्या जादा खुर्चीत होती. तिची खुर्ची करकरलेली मला ऐकू आली. अंगठा बटणावर गेला होता, मी त्याला तिथेच थांबवलं. लिव्हर खाचेतून मागे आणला. काटा पाहिला. अजून थोडा मागे. भिडला. मग दाबलं. इंजिनांचा आवाज तसूभरही बदलला नाही. उतरलो तेव्हा मागे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

परीक्षकानं सही करून हात मिळवला. हाजरनं गालाला गाल लावला आणि डोळे पुसत म्हणाली, "आता पुढच्या दोन वर्षांत मला टोमणे मारून वसूल कराल."

चार वाजता घरी आलो आणि सलूआला फोन लावला.

"पास झालो!"

"मब्रूक, अभिनंदन," ती म्हणाली. "मनापासून, लसाद." मग म्हणाली, "मग बूट परत करते. शनिवारपर्यंत घेतात ते."

"कुठले बूट?"

"तुझे. बर्फातले. सेलमध्ये घेतले होते, दाराशी ठेवलेत. मला वाटलं एकतीसला विमानं संपली की तू येशील. जिना नको म्हणून तळमजला बघितला. असू दे. तुला आकाश सुटायचं नाही, माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"तू कधी बोलली नाहीस."

"तू कधी विचारलंस?"

नंतर बोलतो म्हणून मी फोन ठेवला. तेव्हापासून ही वही चाळतो आहे. विमानं कधी जाणार, दर फोनला. बुटाचा नंबर. गुडघा. दोन खोल्या. सगळं मीच माझ्या हातानं लिहून ठेवलंय, तारखांसकट. काटा समोर होता आणि मी पंधरा महिने लिव्हरवर हात ठेवून बसलो होतो, काही हलत नाही म्हणत.

आत्ताच्या आत्ता फोन करून सांगावंसं वाटतंय की गेली ती नोकरी खड्ड्यात, उद्याच येतो. अंगठा फोनवरच आहे. पण नको. हा अंगठा मला ठाऊक आहे.

२७ मार्च, शुक्रवार

सकाळी हाजरच्या खोलीत गेलो. "तीन आठवडे रजा हवी."

"कालच तर पास झालात!"

"म्हणून तर मागतोय. मॉन्ट्रियलला जायचंय. तिथे काय चाललंय ते आधी बघू दे मला. नोकरीचं काय करायचं ते मग."

तिनं अर्ज पुढे सरकवला. "आणि ढगीला कोण बघणार?"

"हाजर, मांजर नाही माझ्याकडे."

"ठाऊक आहे. सार्डीन कशा होत्या?"

"चांगल्या होत्या. काटे फार."

दुपारी सलूआला फोन केला. येतो, नाही येत, काहीच बोललो नाही. विचारलं, "आत्ता कुठे बसली आहेस?" ती गोंधळली. मग सांगायला लागली. खिडकीपाशी. बागेत बर्फ आहे पण कडेनं माती दिसायला लागलीय. वर एक लेबनानी बाई राहते, तिच्याकडून पुदिना आणलाय, कुंडीत जगतोय का बघायचं. रात्री पाइप वाजतात, तिला एकटीला भीती वाटते. हे तिनं आधी का सांगितलं नाही, असं विचारणार होतो, पण नाही विचारलं. ऐकत राहिलो. मी बोललो ते फक्त "मग?" आणि "बरं." पाऊण तास झाला.

शेवटी ती म्हणाली, "उद्या दुकान सहापर्यंत उघडं असतं. बुटांचं काय करू?"

"ठेव. तीन आठवड्यांची रजा काढलीय. येतोय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"येतोस तर मग ऐक," ती म्हणाली. "इनेसला तू त्रेचाळीस सांगितलंस. मी चव्वेचाळीस घेतलेत. लग्नापासून तुला बूट चावताहेत आणि तू शिव्या बुटांना देतोस."